छायाचित्राला दालनात जागा मिळवायची तर

नागपुरातल्या एका कला संस्थेच्या सदस्य असलेल्या ताईंनी विचारलं आहे: "मी मूळची जलरंगातली. तीन वर्षांपासून कॅमेऱ्याने काम करते आहे. एकावर एक एक्स्पोजर (एकाच चौकटीत एकापेक्षा जास्त वेळा टिपलेला प्रकाश), मुद्दाम हलवलेला कॅमेरा, पाण्यातली प्रतिबिंबं असं. आमच्या वार्षिक प्रदर्शनात फोटो 'छंद' म्हणून जिन्याजवळच्या वेगळ्या पॅनलवर लागतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, यात हाताचं काम कुठे आहे? आता कार्यकारिणीने मलाच सांगितलंय की प्रस्ताव आणा. काय मांडू आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, प्रस्ताव लिहायला बसू नका. आधी तुमचे चार फोटो कागदावर आणा. माझी ३० वर्षांहून जास्त डार्करूममध्ये आणि पुढे प्रिंटरसमोर गेली, चित्रकारांच्या संस्थांमध्ये परीक्षक म्हणूनही बसलो. वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी फारसं पाहिलं नाही. चांगली प्रिंट हातात घेऊन खिडकीपाशी गेलेला माणूस मात्र बदललेला बऱ्याचदा पाहिला आहे. फोनवर दाखवलेल्या फोटोला लोक "छान" म्हणून बोटाने पुढे सरकवतात. कागदावरच्या फोटोपुढे थांबावं लागतं.

ज्येष्ठांची तक्रार अर्धी खरी आहे, हे आधी मान्य करू. आपण फोटोवाल्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यापुढे काय ठेवलं? फुटाळा तलावाचा सूर्यास्त आणि त्यात काळी पडलेली जोडी. दीक्षाभूमीच्या स्तूपावर नेमका टेकवलेला चंद्र. सुरकुतलेल्या चेहऱ्याचे आजोबा आणि विडीचा धूर. आणि वाघ. ताडोबा, पेंच हाकेच्या अंतरावर असल्यामुळे नागपुरात ज्याच्याकडे लांब लेन्स आहे त्याच्याकडे वाघ आहेच. जंगलातल्या फोटोग्राफीला लागणारा संयम मला ठाऊक आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण वाघाच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट आला म्हणून ती कलाकृती होत नाही. जलरंगाच्या माणसाला तो फोटो बघून प्रश्न पडतो की यात या छायाचित्रकाराने स्वतःचं काय आणलं? हा प्रश्न रास्त आहे. स्पर्धांमध्ये पडद्यावर काही सेकंद फोटो दाखवून गुण द्यायची पद्धत पडली, तेव्हापासून लगेच डोळ्यात भरेल तेच काढायची आपल्याला सवय लागली. संस्थेत जायचं तर ती सवय बाहेर ठेवून जावं लागेल.

"हाताचं काम" या मुद्द्याला मी तोंडी उत्तर देत नाही. एकदा एका संस्थेच्या मंडळींना मी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर बोलावलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता, दुपारचे बारा, बाहेर ४५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे त्या दिवसांत घरं तशीही अंधारीच करतात, म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही. सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावला आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या पुठ्ठ्याला करंगळी जाईल एवढं एकच भोक पाडलं. पहिली पाच-सात मिनिटं कुणालाच काही दिसेना. कुणीतरी कुरकुरलं, पंखा तरी लावा. मग डोळे सरावले आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर गल्ली उतरली. उलटी. विजेचा खांब वरून खाली लोंबतोय, सायकलवाला आढ्याजवळून चाललाय, आकाश खाली जमिनीपाशी, आणि कोपऱ्यावरचा कडुलिंब रंगासकट हलतोय.

मंडळींत एक ज्येष्ठ शिल्पकार होते, फोटोला कडाडून विरोध करणारे. ते उठले आणि त्यांनी तळहात भिंतीपुढे धरला. कडुलिंबाची पानं त्यांच्या हातावर हलायला लागली. मग त्यांनी एक पांढरा पुठ्ठा मागितला आणि तो हळूहळू भोकाजवळ नेला, तसं चित्र लहान आणि उजळ होत गेलं. पुढेमागे करत त्यांनी नेमकं कुठे थांबायचं ते ठरवलं, पुठ्ठा थोडा तिरपा केला, खांब वाकला, आणि ते म्हणाले, "आता हे थांबवायचं कसं?"

हाच प्रश्न १८३३ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, इंग्लंडचे हेन्री फॉक्स टॅलबट यांना पडला होता. इटलीतल्या कोमो सरोवराकाठी ते चित्रं काढायचा प्रयत्न करत होते, हात साथ देत नव्हता, आणि त्यांना वाटलं की हे दृश्य आपणहून कागदावर उमटून राहिलं तर किती बरं. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये डागेर यांची फोटो टिपायची पद्धत जाहीर झाली आणि टॅलबट यांनी इंग्लंडमध्ये आपली मांडली. चित्रकारांसमोर बोलताना ही गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण फोटोग्राफीचा जन्म चित्र काढण्याच्या ओढीतूनच झाला आहे. त्या माडीवर शिल्पकारांनी पुठ्ठा तिरपा केला तो त्यांचा निर्णय होता. कुठे उभं राहायचं, किती वेळ प्रकाश आत घ्यायचा, काय चौकटीबाहेर ठेवायचं, काय धूसर होऊ द्यायचं, असे निर्णय एकापुढे एक साचत जातात आणि त्यांचा फोटो होतो. हात तिथे आहे.

तुमच्या संस्थेत हे जरूर करा. खर्च काळ्या कागदाचा तेवढा. जमलं तर कॅमेरा तिपाईवर लावून त्याच भिंतीचं मिनिट-दोन मिनिटांचं एक्स्पोजर घ्या, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवा. हलणारी माणसं विरून जातात, खांब आणि भिंती राहतात. जलरंगाच्या लोकांना हे फार लवकर कळतं, कारण ओल्या कागदावर रंग पसरू देणं आणि वेळ पसरू देणं यात नातं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायनोटाइप करा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही निळी छपाई आहे. पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी समुद्रशैवालांची चित्रं याच पद्धतीने, कॅमेऱ्याशिवाय, छापून ग्रंथरूपात आणली. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिली पाण्यात, दोन वेगळ्या गडद बाटल्या. लावायच्या वेळी सारख्या मापाने मिसळायचं, मंद पिवळ्या दिव्यात जलरंगाच्या कागदावर रुंद ब्रशने फिरवायचं, अंधारात वाळवायचं. हातमोजे घाला आणि ही रसायनं तीव्र आम्लांपासून लांब ठेवा. मग कागदावर काहीही ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात न्या. मी संत्र्याची डहाळी ठेवतो. नागपूरचं मे महिन्यातलं सकाळचं ऊन असेल तर पाच ते आठ मिनिटं पुरतात. हिरवट-पिवळा कागद आधी राखाडी पडतो, साध्या पाण्यात घातला की पिवळं वाहून जातं आणि डहाळीची पांढरी आकृती निळ्यातून वर येते. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर निळा फिका पडतो, त्यात चमचाभर व्हिनेगर घाला. एकदा एका काकूंनी पान विसरून दुप्पट वेळ उन्हात ठेवलं, तर पानाच्या आरपार ऊन जाऊन शिरासुद्धा उमटल्या. त्यानंतर सगळ्यांना तसंच हवं होतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. सायनोटाइपमध्ये ब्रशचे फटकारे कडांना दिसतात, त्यामुळे ज्येष्ठ लगेच म्हणतील, "हां, ही कला, यात हात आहे." तेवढ्यावर समाधान मानू नका. नाहीतर संस्थेत हाताने केलेल्या छपाईला मान आणि डिजिटल कॅमेऱ्यातल्या कामाला पुन्हा जिना, अशी नवी वाटणी होईल. सायनोटाइप हा दार उघडण्यासाठी आहे. तुमचं मूळ काम कॅमेऱ्यातलं आहे आणि ते त्याच्याच बळावर उभं राहायला हवं.

कार्यकारिणीत कुणी परंपरेचा मुद्दा काढला तर दोन तारखा हाताशी ठेवा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. म्हणजे ज्या शिक्षणातून आपली अकादमिक चित्रकला घडली, त्या शाळेहून आपल्याकडची फोटोग्राफीची संस्था तीन वर्षांनी जुनी. आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकृती' या शब्दाची व्याख्या करताना चित्र, शिल्प, रेखाटन, उत्कीर्णन (एनग्रेव्हिंग) यांच्याच ओळीत छायाचित्र घातलं आहे, तेही त्यात कलागुण असोत वा नसोत असं स्पष्ट म्हणून. कायद्याने दर्जा मिळतो, गुणवत्ता मिळत नाही, हे खरं. पण "फोटो ही कलाकृतीच नाही" हे वाक्य सभेत पुन्हा कुणी उच्चारायला नको, एवढ्यापुरता हा आधार पुरेसा आहे.

त्याहून मोलाचं उदाहरण ज्योती भट्ट यांचं. बडोद्याचे हे कलावंत चित्रकार, मुद्राचित्रकार (ठशावरून चित्रं छापणारे) आणि छायाचित्रकार आहेत. खेड्यापाड्यांतल्या भिंतीवरच्या आणि अंगणातल्या लोककलांची त्यांनी कॅमेऱ्याने केलेली नोंद जेवढी महत्त्वाची, तेवढेच त्यांचे फोटोतले प्रयोगही. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच माणसाची तिन्ही माध्यमं समोर ठेवली की यातलं कोणतं जिन्याजवळ लावायचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

"फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, मग त्याला मोल काय?" हा आक्षेप नक्की येईल. तेव्हा तुमच्या संस्थेतल्या मुद्राचित्रकारांकडे वळा. वुडकट आणि एचिंग, म्हणजे लाकडाच्या आणि धातूच्या ठशावरून छापलेली चित्रं, तुम्ही प्रदर्शनात घेताच, आणि त्यांच्याखाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलेलं असतं. दहातली तिसरी प्रत. फोटोलाही तोच नियम लावा. कलाकाराने आधीच ठरवायचं की या आकारात पाच प्रती किंवा दहा, त्यानंतर नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक, वर्ष, कागद आणि सही. दिलेला शब्द मोडायचा नाही, आकार बदलून तीच गोष्ट पुन्हा विकायची नाही. मुद्राचित्रकार तुमच्या बाजूने बोलायला लागले की अर्धी सभा तुमची.

आता एडिटिंग. क्रिएटिव्ह फोटोग्राफीत फेरफार चालतो का? चालतो, आणि आज नव्याने चालायला लागलेला नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तिसेक निगेटिव्ह जोडून एक मोठी कृती उभी केली होती, हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पुढच्या वर्षी पाच निगेटिव्हची. लोक तेव्हाही भांडले. माझं मत ठाम आहे: जोडा, मिसळा, रंग काढा, रंग घाला, पण प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः टिपलेला असू द्या आणि काय केलं ते एका ओळीत लिहा. विकतचं आभाळ चिकटवलेला फोटो मी परत करतो. आणि जे घडलं नाही ते घडलं म्हणून दाखवू नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळे घेऊन निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीवर दोन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकत्र करून कृती केलीत तर ती सुंदर असू शकते, पण खाली "मारबत, महाल" एवढंच लिहिलंत तर बघणाऱ्याची फसवणूक होते. संगणकाला वाक्य सांगून तयार केलेली चित्रं छायाचित्र विभागात घेऊ नयेत. त्यात प्रकाश कुठल्याच वस्तूवरून येऊन पोचलेला नाही. ते वेगळं माध्यम आहे, त्याची चर्चा संस्थेने वेगळी करावी.

प्रिंटबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. लग्नाच्या अल्बमच्या लॅबमध्ये गेलात तर चकचकीत कागद मिळतो, तो ट्यूबलाइटखाली आरसा होतो. पिगमेंट शाईची छपाई मागा, आणि मॅट, सुती धाग्याचा, साधारण ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद. ए३ आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर फाइल ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेलची हवी. फोनवरून पाठवताना दाबून लहान झालेली फाइल देऊ नका. मॅट कागदावर काळा रंग पडद्यावर दिसतो तितका खोल उतरत नाही, सावल्या थोड्या उघडाव्या लागतात, म्हणून आधी हातभर पट्टीवर चाचणी छापा आणि दिवसाच्या उजेडात बघा. मी एका फोटोसाठी पाच-सहा पट्ट्या काढतो. माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित घ्या. साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेने पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा प्रिंटमध्ये शिरतो. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची जाडी राहिलीच पाहिजे. पावसाळ्यात काचेला चिकटलेली प्रिंट सोडवताना शाईसकट पापुद्रा निघून आलेला मी बघितला आहे, आणि ती एकुलती एक प्रत होती.

एकेकटा फोटो देण्यापेक्षा मालिका द्या. माझ्याकडे शिकणाऱ्या एका गृहिणीने अख्खा उन्हाळा एकाच खोलीत फोटो काढले. विषय काय, तर घरातला कूलर. मार्चमध्ये नवीन वाळ्याची ताटी बसवली तिथून सुरुवात. ताज्या वाळ्यातून गाळून येणारा उजेड सोनेरी-हिरवट असतो, तो शेजारी झोपलेल्या नातवाच्या पाठीवर पडलाय. मग एप्रिलमध्ये शटर पाव सेकंद उघडं ठेवून ताटीवरून ओघळणारं पाणी, नुसत्या चांदीच्या रेघा. मे महिन्यात भर दुपारी बंद खोलीत ताटीच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या ठिपक्यांनी भरलेली सासूबाईंची साडी. आणि शेवटी जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, क्षार बसून पांढरी कडक झालेली तीच ताटी, इतक्या जवळून की ती मिठागरासारखी दिसते. शेकडो फोटोंतून बारा निवडायला तिला दोन महिने लागले. तिने ते आठ बाय दहा इंचांतच छापले. मोठे करूया म्हणून मीच आग्रह धरला होता, तिने ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. दोन जलरंगांच्या मधे ती रांग लागली आणि लोक वाकून, नाक लावून बघायला लागले. नागपूरच्या माणसाला त्या फोटोंचा वाससुद्धा आला असेल. "हा फोटो की चित्र" असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

या मालिकेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की तिने कुठेही फोटोला चित्रासारखं दिसवण्याचा प्रयत्न केला नाही. तुम्ही जलरंगातून आलात, तुम्हाला तो मोह होणार. कॅन्व्हासचा पोत देणारे फिल्टर, तैलरंगाचे खोटे फटकारे, हे कृपा करून टाळा. चित्रकारांना ते सगळ्यात आधी ओळखू येतं आणि सगळ्यात जास्त खुपतं. कॅमेरा हलवून झाडांच्या उभ्या रेघा काढता ना, ते ठीक, कारण ती हालचाल खरोखर त्या क्षणी तुमच्या मनगटात होती.

निवड समितीत एक चित्रकार, एक मुद्राचित्रकार किंवा शिल्पकार आणि एक छायाचित्रकार असावा, आणि तिघांनी सगळ्याच माध्यमांची निवड एकत्र करावी. फोटोसाठी वेगळा परीक्षक नेमला की जिना परत आला. गुणपत्रिका नको. "शार्पनेस" नावाचा रकाना तर अजिबात नको. सोबत कलाकाराचं मराठीत आठ-दहा ओळींचं टिपण मागा, तंत्राबद्दल दोन ओळी आणि बाकी तो हे का करतोय याबद्दल. ओळखू येणाऱ्या माणसांचे घरातले, खासगी क्षणांचे फोटो असतील तर त्यांची परवानगी घेतली आहे असंही त्यात लिहिलेलं असावं. टांगताना प्रत्येक कृतीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, फोटो आणि चित्रं मिसळून लावा, आणि थेट ऊन पडणारी भिंत फोटोला देऊ नका. जलरंगालाही देऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या वर्षी फार मागू नका. पंधरा-वीस फोटो आले तरी त्यातले पाचच लावा. कमकुवत वीस फोटो लागले तर पुढची पाच वर्षं तुम्हाला तेच ऐकवतील.

ठरावात दोनच गोष्टी असू द्या. वार्षिक प्रदर्शनात छायाचित्र हे चित्र, शिल्प आणि मुद्राचित्र यांच्या बरोबरीचं माध्यम धरून एकाच समितीने निवडावं. आणि प्रत्येक छायाचित्र कलाकाराने स्वतः पसंत केलेल्या अंतिम प्रिंटच्या रूपात, प्रतींची संख्या आणि केलेली प्रक्रिया लिहून द्यावं. सभा दिवसा उजेडी ठेवायला सांगा. खिडकीजवळचं टेबल धरा, ठराव वाचण्याआधी चारही प्रिंट काचेशिवाय, नुसत्या माउंटमध्ये त्यावर मांडा, आणि मंडळींचं बघून होईपर्यंत काही बोलू नका.